ऐच्छिक विषय : बायबल

अमेरिकेतील सरकारी शाळांत बायबल हा ऐच्छिक विषय म्हणून शिकवावा काय, हा वाद त्या देशात गेली वीस वर्षे विधिमंडळांत, शाळा-मंडळांच्या सभांत आणि न्यायालयांत चालू आहे. आपला त्याच्याशी काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांचे चिरंजीव, कन्या, भाचे, पुतणे न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथे स्थायिक झाले आहेत आणि त्यांची मुले तेथील सरकारी शाळांत शिकत आहेत. पुढील वर्षाचे विषय निवडण्याचा अर्ज घरी आला आणि त्यात स्पॅनिश, संगणक, चित्रकला यांच्या ओळीत बायबलही दिसले, तर त्यापुढे खूण करावयाची की नाही, हे आपल्याच घरातील कोणाला तरी ठरवावे लागते.

प्रारंभीच एक शब्द स्पष्ट केलेला बरा. आपल्याकडे शाळेच्या पाटीवर ‘पब्लिक स्कूल’ असे दिसले की पालक आधी फी विचारतात. अमेरिकेत नेमके उलट. तेथील पब्लिक स्कूल म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारी मोफत शाळा. तिचा बराचसा खर्च राज्याच्या तिजोरीतून व स्थानिक मालमत्ताकरातून भागतो, आणि कारभार बहुतेक ठिकाणी त्या भागातील मतदारांनी निवडून दिलेले मंडळ पाहते. ख्रिस्ती कुटुंबाबरोबरच ज्यू, मुसलमान, हिंदू, जैन आणि कोणताच धर्म न मानणारा असे सर्वच जण तिच्यासाठी कर भरतात. चर्चच्या खासगी शाळांनी बायबल शिकवावे की नाही, हा वादाचा मुद्दाच नाही. वाद आहे तो सामायिक खात्याचा.

या वादात दोन्ही बाजूंकडून एक चुकीचे विधान नेहमी केले जाते. एक बाजू खेदाने म्हणते की, सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली बायबल शाळेतून हद्दपार केले. दुसरी बाजू तेच अभिमानाने सांगते. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. त्या वेळी पेन्सिल्व्हेनिया राज्याचा कायदा असा होता की, प्रत्येक सरकारी शाळेत रोज सकाळी बायबलमधील किमान दहा वचने कोणतेही भाष्य न करता वाचली जावीत. ॲबिंग्टन येथील एलरी शेम्प या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने नोव्हेंबर १९५६ मध्ये, वचने वाचली जात असताना, स्वतःपुरते कुराण उघडून वाचावयास घेतले. त्याची रवानगी मुख्याध्यापकांच्या कार्यालयात झाली. हे कुटुंब नास्तिक नव्हते. ते ख्रिस्ती परंपरेतूनच निघालेल्या युनिटेरियन पंथाचे होते. प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत गेले आणि १७ जून १९६३ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला : शाळेने धार्मिक विधी म्हणून बायबलवाचन घेणे घटनाबाह्य आहे. मात्र त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी असेही नमूद केले की, धर्मनिरपेक्ष शिक्षणाचा भाग म्हणून, वस्तुनिष्ठ पद्धतीने बायबलचा अभ्यास केल्यास घटनेला बाध येत नाही. जे बंद झाले ते वाचनाचे अनुष्ठान. अभ्यासाचे दार उघडेच ठेवले गेले. आजचे सर्व ऐच्छिक वर्ग त्या दारातूनच आत आले आहेत.

बायबल शाळेत असले म्हणजे गावात शांतता व सदाचार नांदत असे, ही समजूतही इतिहासाला धरून नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या शाळांत जे बायबल वाचले जाई ते प्रोटेस्टंटांचे, राजा जेम्सच्या काळातील भाषांतर होते. आयर्लंडमधून आलेल्या कॅथलिक कुटुंबांना ते मान्य नव्हते. त्यांचे भाषांतर वेगळे, त्यांच्या ग्रंथांची संख्याही वेगळी : प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके, कॅथलिक बायबलात ७३. फिलाडेल्फियाचे बिशप केन्रिक यांनी मागणी केली ती इतकीच की, कॅथलिक मुलांना आपल्या भाषांतरातून वाचू द्यावे. त्यातून वातावरण तापत गेले. मे व जुलै १८४४ मध्ये त्या शहरात दंगली उसळल्या, माणसे मेली, चर्चे जाळली गेली. दोन्हीकडे ख्रिस्तीच होते आणि भांडणाच्या मुळाशी होता तो ख्रिस्ताचाच ग्रंथ.

ज्यू समाजाची अडचण त्याहून निराळी. ज्याला ख्रिस्ती लोक ‘जुना करार’ म्हणतात, तो ज्यूंच्या लेखी जुना नाही आणि कराराचा पूर्वार्धही नाही. तोच त्यांचा संपूर्ण धर्मग्रंथ आहे, आणि त्यातील पुस्तकांचा क्रमही वेगळा आहे. म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर ‘जुना करार’ असे छापले, की शिक्षकाने तोंड उघडण्यापूर्वीच एक बाजू घेतली गेलेली असते.

हे आपल्या वाचकांना विशेष समजावून सांगावयास नको. उद्या महाराष्ट्र शासनाने ठरवले की शाळांत ‘जैन आगम’ हा विषय ठेवावा, तर कोणते आगम? श्वेतांबर मूर्तिपूजक पंचेचाळीस मानतात, स्थानकवासी बत्तीस, आणि दिगंबरांच्या मते मूळ अंग-आगम लुप्त झाले असून षट्खंडागम, कषायपाहुड हे प्रमाण. त्या समितीची पहिली बैठक किती वेळ चालेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या संघाच्या वार्षिक सभेवरून करावी.

असे असूनही, बायबल शिकविण्याच्या बाजूने एक भक्कम कारण आहे, आणि ते श्रद्धेचे नसून साक्षरतेचे आहे. मराठीत ‘भगीरथ प्रयत्न’, ‘लक्ष्मणरेषा’, ‘कुंभकर्णी झोप’, ‘रामबाण उपाय’ हे शब्द ज्याला कळत नाहीत त्याला वर्तमानपत्राचा अग्रलेखही अर्धाच कळेल. मग तो कोणत्या धर्माचा का असेना. इंग्रजीत हेच स्थान बायबलमधील कथांचे आहे. स्टाइनबेकच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’ या कादंबरीचा सांगाडा काइन व हाबेल या दोन भावांच्या कथेवर उभा आहे. फॉकनरच्या ‘ॲब्सलम, ॲब्सलम!’ या नावातच दावीद राजाचा पुत्रशोक आहे. १८६५ साली यादवी युद्ध संपत आले असता अब्राहम लिंकन यांनी दुसऱ्या शपथविधीच्या वेळी केलेले भाषण बायबलच्या आधाराविना वाचणे म्हणजे टिपणांशिवाय ताळेबंद वाचणे होय. आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी, हत्येच्या आदल्या रात्री, मेम्फिस येथे जे भाषण केले, त्यातील डोंगरमाथा आणि तेथून दिसणारी वचनदत्त भूमी कोठली, मोशेला तेथे पाऊल का ठेवता आले नाही, हे माहीत नसेल तर त्या भाषणातील कारुण्य ऐकणाऱ्याच्या पदरात पडत नाही.

येथे बसूनही याचा प्रत्यय येतो. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस वा न्यायालयाचा त्रास होऊ नये म्हणून आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी तरतूद आली, तिच्यात अशा माणसाला ‘गुड समॅरिटन’ म्हटले आहे. हा समॅरिटन म्हणजे लूककृत शुभवर्तमानातील एका दृष्टान्तामधला परजातीचा वाटसरू. जखमी माणसाजवळून धर्माधिकारी तसेच पुढे निघून जातात, आणि हा थांबतो. इंग्रजीतील ‘टॅलेंट’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. मुळात ते एक वजन व चलन. मत्तयाच्या शुभवर्तमानात धनी प्रवासाला जाताना नोकरांकडे काही टॅलेंट सोपवतो. दोघे ती रक्कम व्यापारात घालून दुप्पट करतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो. परत आल्यावर धनी त्याला झापतो की, निदान सावकाराकडे ठेवली असतीस तर व्याज तरी मिळाले असते! मी तीस वर्षांहून अधिक काळ ठेवी गोळा करण्याचे काम केले. शाखेत लावावयास याहून समर्पक मजकूर मला मिळाला नसता. त्या दृष्टान्तावरूनच ‘टॅलेंट’ शब्दाला अंगच्या गुणांचा अर्थ चिकटला.

हे सारे लक्षात घेऊन काही राज्यांनी कायदे केले. जॉर्जियाने २००६ साली, टेक्सासने २००७ साली, केंटकीने २०१७ साली. टेक्सासच्या कायद्याचा मसुदा वाचला तर तो पुष्कळ काळजीपूर्वक लिहिलेला आढळतो. विषय नववीपासून पुढच्या वर्गांसाठीच. कोणत्याही एका भाषांतराची सक्ती विद्यार्थ्यावर करता येणार नाही. शिक्षक नेमताना त्याच्या धर्माची वा श्रद्धेची परीक्षा घ्यावयाची नाही. अध्यापन धर्माबाबत तटस्थ असले पाहिजे. कागदावर यात बोट ठेवावयास जागा थोडी आहे.

परंतु मुख्यालयाचे परिपत्रक आणि शाखेच्या काउंटरवरचा व्यवहार यांत किती अंतर असू शकते, हे बँकेत नोकरी केलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. तपासणी अधिकारी म्हणून मी ज्या शाखांत गेलो तेथे परिपत्रके फायलीत अगदी क्रमाने लावलेली असत. टेक्सासच्या या वर्गांची तपासणी सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातील धर्माभ्यासाचे प्राध्यापक मार्क चॅन्सी यांनी केली. २०११-१२ या वर्षी ५७ शाळा-जिल्ह्यांत हा विषय शिकवला जात होता. त्यांनी प्रत्यक्ष वापरातील पुस्तके, टिपणे व प्रश्नपत्रिका मागवून वाचल्या. काही ठिकाणी काम उत्तम होते. परंतु अनेक ठिकाणी पृथ्वीचे वय केवळ काही हजार वर्षे असल्याचे साहित्य मुलांना दिले जात होते. नोहाच्या तीन पुत्रांपासून मानवी वंश निर्माण झाले, असेही कोठे कोठे शिकवले जात होते. आणि ज्यूंचा धर्म म्हणजे ख्रिस्ती धर्माची अपूर्ण पूर्वतयारी, असा सूर होता. कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. शिक्षकांना या विषयाचे शास्त्रीय प्रशिक्षण द्यावे, असे कायदा म्हणत होता; त्यासाठी निधी मात्र मंजूर झाला नाही. मग शिक्षकाने रविवारी चर्चमध्ये जे ऐकले तेच त्याने सोमवारी वर्गात सांगितले. त्यात त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही.

टेक्सासमधीलच ओडेसा या तेलाच्या गावी प्रकरण न्यायालयात गेले. शाळा-मंडळाने एका खासगी संस्थेचा तयार अभ्यासक्रम स्वीकारला होता. तो एका विशिष्ट पंथाच्या दृष्टीचा आहे, अशी तक्रार आठ पालकांनी २००७ साली केली. पुढील वर्षी तडजोड झाली आणि मंडळाने तो अभ्यासक्रम सोडून दिला. त्यापूर्वी १९९८ साली फ्लोरिडातील ली काउंटीत न्यायालयाने जुन्या कराराचा वर्ग देखरेखीच्या अटीवर चालू दिला, परंतु नव्या कराराचा थांबवला. कारण तेथे चमत्कार व पुनरुत्थान हे इतिहासातील घटनांप्रमाणे शिकवले जाण्याचा धोका न्यायाधीशांना दिसला.

आता ‘ऐच्छिक’ या शब्दाकडे वळू. या वर्गांचे समर्थक प्रत्येक आक्षेपाला एकच उत्तर देतात : ज्याला नको त्याने घेऊ नये. हे उत्तर पुरेसे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. इलिनॉय राज्यातील शॅम्पेन या गावी १९४० च्या दशकात सरकारी शाळेच्या इमारतीतच, शाळेच्या वेळात, धर्माचे तास होत. तेही ऐच्छिक होते. पालकांनी सही केलेल्या चिठ्ठीवर प्रवेश मिळे. प्रोटेस्टंटांसाठी वर्ग, कॅथलिकांसाठी वर्ग, ज्यूंसाठीही तरतूद होती. पण ज्यू वर्ग काही वर्षांपासून भरतच नव्हता. व्हॅश्टी मॅककॉलम या गृहिणीने आपल्या मुलासाठी चिठ्ठीवर सही केली नाही. परिणाम असा की, वर्गातील बाकीची मुले धर्माच्या तासाला बसत आणि हा मुलगा एकटा बाहेर बसे. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत आठ विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरवली. तरीही वेस्ट व्हर्जिनियातील मर्सर काउंटीत लहान मुलांसाठी बायबलचे ऐच्छिक तास त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिले, आणि २०१७ साली दावा दाखल झाल्यावरच थांबले. गावातील जवळजवळ सगळीच मुले ज्या तासाला बसतात, त्या तासाला न बसणे ही आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने इच्छा राहत नाही. ती शिक्षा होते.

भारतीय पालकांना, आणि विशेषतः मुंबई-पुणे-नगरच्या जुन्या घराण्यांना, हा अनुभव नवा नाही. अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपल्या प्रांतात शाळा काढल्या, तेथे इंग्रजी व गणित उत्तम मिळे आणि बायबलचा तासही असे. १८३९ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा शहर हादरले आणि पालकांनी मुलांची नावे भराभर काढून घेतली. त्या काळच्या कंपनी सरकारचा तोडगा १८५४ च्या वुड साहेबांच्या सुप्रसिद्ध खलित्यात सापडतो. सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे. बायबल ग्रंथालयात ठेवलेले असावे. एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः होऊन काही विचारले तर शिक्षकाने उत्तर द्यावे, पण शाळेच्या वेळेबाहेर. राज्यकर्ते ख्रिस्ती, प्रजा बहुतांशी अख्रिस्ती. हा शहाणपणा होता की सावधपणा, हे सांगणे कठीण. व्यवहार मात्र पक्का होता.

स्वतंत्र भारताच्या घटनेने अनुच्छेद २८ मध्ये हीच रेषा अधिक ठळक केली. पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यावयाचे नाही; आणि अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थेत ते दिले जात असेल तर विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय त्याला बसवावयाचे नाही. धर्माचे शिक्षण आणि धर्माविषयीचे शिक्षण हा फरक कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात केला, आणि अरुणा रॉय प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. मार्च २०२२ मध्ये गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या वर्गांत भगवद्गीतेचा समावेश जाहीर केला तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी समाधान व्यक्त केले. करावे, गीता वाचल्याने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु टेक्सासमधील नातीच्या बायबल-वर्गाविषयी चिंता करणाऱ्या आजोबांनी सुरतेतील ख्रिस्ती वा मुसलमान मुलाच्या पालकांची चिंता समजून घेण्यास हरकत नसावी. व्यापारी माणसाने घेण्याचे एक माप आणि देण्याचे दुसरे ठेवले तर त्याला आपण काय म्हणतो?

अमेरिकेत अलीकडे वारे दुसऱ्याच दिशेने वाहू लागले आहेत. ऐच्छिक वर्गाचा प्रश्न मागे पडून बायबल मुख्य अभ्यासक्रमात आणण्याची खटपट चालू आहे. ओक्लाहोमा राज्याचे शिक्षणप्रमुख रायन वॉल्टर्स यांनी जून २०२४ मध्ये प्रत्येक शाळेने बायबलचा समावेश करावा, असा आदेश काढला. ते पद सोडून गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने तो मागे घेतला. टेक्सासच्या राज्य शिक्षण मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आठ विरुद्ध सात अशा काठावरच्या मताने प्राथमिक वर्गांसाठी एक नवी भाषा-वाचनमाला मंजूर केली, जिच्यात बायबलमधील कथांचे प्रमाण लक्षणीय आहे. ती घेणे शाळांना ऐच्छिकच आहे. मात्र जी शाळा घेईल तिला दर विद्यार्थ्यामागे ६० डॉलरपर्यंत साहाय्य मिळते. कर्ज ऐच्छिक, पण घेतल्यास व्याजात सूट, अशी ही योजना. नववीच्या मुलीला विचारून तिच्या संमतीने दिलेला तास आणि पाच वर्षांच्या मुलाच्या वाचनपाठात मिसळलेली कथा यांत मी पहिल्याला कितीतरी अधिक प्रामाणिक मानतो.

याहून समाधानकारक वाट कॅलिफोर्नियातील मोडेस्टो या शहराने काढली. तेथील शाळांनी २००० सालापासून नववीच्या सर्व विद्यार्थ्यांना जगातील धर्मांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. आरंभीचे काही दिवस धर्मस्वातंत्र्य व घटनेतील त्याचे स्थान यावर, आणि मग एकेका धर्माची ओळख. शिक्षकाने आपला स्वतःचा धर्म वर्गात सांगावयाचा नाही. हे शहर श्रद्धाळू ख्रिस्ती वस्तीचे. तरी गावात वादळ झाले नाही, कारण आराखडा ठरवताना निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींना आधीच बोलावून घेतले होते. दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष मांडला की, इतरांच्या धर्मस्वातंत्र्याविषयीचा आदर वाढला आणि मुलांच्या स्वतःच्या श्रद्धा मात्र जागच्या जागी राहिल्या. माझे मत विचाराल तर प्रत्येक शाळेत आधी असा अभ्यासक्रम असावा, आणि बायबलचा स्वतंत्र वर्ग त्याच्या जोडीला, वाङ्मयाचा विषय म्हणून, ज्याला हवा त्याला. एकट्या बायबलचा वर्ग आणि दुसऱ्या कोणत्याच धर्माचा नाही, ही अर्धी नोंद झाली.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्याच घरात आला. माझा भाचा डॅलसच्या उपनगरात राहतो. त्याच्या मुलीच्या दहावीच्या विषयांचा अर्ज आला होता आणि तिला बायबलचा वर्ग घ्यावयाचा होता. दोन मैत्रिणी घेत होत्या, एवढेच तिचे कारण. सूनबाईंना काळजी की मुलगी वाहवत जाईल. भाच्याने फोन केला, “मामा, तुम्हीच सांगा.” मी त्याला म्हटले की, तारण पाहिल्याशिवाय आम्ही कर्ज देत नसू, तू शाळेला पत्र लिहून अभ्यासक्रमाची प्रत, पाठ्यपुस्तकाचे नाव, मागील वर्षाची प्रश्नपत्रिका आणि शिकवणारी व्यक्ती एरवी कोणता विषय शिकवते, एवढे विचारून घे. शाळेने चार दिवसांत सगळे पाठवले. शिक्षिका इंग्रजी वाङ्मयाच्या होत्या. उत्पत्ती, निर्गम, ईयोब, शुभवर्तमाने. आणि प्रत्येकाच्या शेजारी एखादी कादंबरी, भाषण वा चित्र. प्रश्नपत्रिकेत ‘तुमचा विश्वास काय’ असा प्रश्न कोठेच नव्हता. ‘या कथेचा लेखकाने कसा उपयोग केला’ असे प्रश्न होते. मी सांगितले, घेऊ द्या.

मुलगी वाहवत वगैरे गेली नाही. झाले ते वेगळेच. बायबल कोणी, केव्हा, कोणत्या भाषेत लिहिले, त्याच्या हस्तलिखितांत पाठभेद कसे आले, हे त्या वर्गात शिकल्यावर तिने रविवारच्या पाठशाळेत तेच प्रश्न विचारावयास सुरुवात केली. आगम लिहून कोणी ठेवले? महावीरांनंतर किती वर्षांनी? पाठशाळेत शिकवणारे गृहस्थ संगणक अभियंता. त्यांनी सामायिक, प्रतिक्रमण मुलांकडून निष्ठेने पाठ करून घेतलेले, पण वलभीची वाचना आणि देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्याविषयी सांगण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. एका मातेने तक्रारही केली की, असले प्रश्न श्रद्धेला मारक आहेत. मला तसे वाटत नाही. परंतु दुसऱ्याच्या ग्रंथाला जी भिंगे लावलेली आपल्याला चालतात ती आपल्या ग्रंथाला लागताच आपण अस्वस्थ होतो, हे त्या निमित्ताने दिसले. पुढे त्या गृहस्थांनी भारतातून दोन पुस्तके मागवली आणि मोठ्या मुलांसाठी महिन्यातून एक रविवार या विषयाला दिला. बायबलच्या वर्गाने आमच्या पाठशाळेचा अभ्यासक्रम बदलावा, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

यंदा तिच्या धाकट्या भावाचा अर्ज आला. त्यात तो विषय नव्हता. त्या शिक्षिका निवृत्त झाल्या, आणि शाळेला त्यांच्या जागी तसे शिकवणारे कोणी मिळाले नाही. त्याने चित्रकला घेतली आहे.